वळवाच्या ढगांजवळून बिझनेस जेट नेताना

पुढच्या वेळी इंजिनिअर विमानाच्या नाकाची टोपी, म्हणजे रेडोम, उघडतील तेव्हा जवळ जाऊन एकदा आत डोकवा. जेवणाच्या ताटाएवढी एक चपटी थाळी दिसेल. बहुतेक लहान-मध्यम बिझनेस जेटमध्ये ती १२ इंचांची असते, काहींत १० इंचांचीच. एअरबस-बोइंगच्या नाकातली थाळी अडीच फुटांच्या आसपास भरते. वादळी ढग ज्याने ओळखायचे ते हेच आपलं वेदर रडार. एअरलाइनमधले मित्र हॉटेलात बसून 'आम्ही त्या दोन सीबींच्या (क्युम्युलोनिम्बस, म्हणजे उंच वादळी ढगांच्या) मधून काढलं' असं सांगतात, तेव्हा हा फरक लक्षात असू द्या. थाळी लहान असली की रडारचा झोत जाड होतो आणि जाड झोताला बारकावे दिसत नाहीत.

हा लेख नव्याने बिझनेस जेटवर आलेल्या फर्स्ट ऑफिसरांसाठी, म्हणजे सहवैमानिकांसाठी आहे. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि कंपनीची कार्यपद्धती यांच्यापुढे माझा शब्द चालणार नाही. मैल म्हटलं की इथे सागरी मैल समजा.

आधी पंचांग

नव्या पायलटला जुलैची धास्ती असते. खरी सांभाळायची ती मेची दुपार. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीवर पाऊस भरपूर पडतो, पण बराचसा थरांच्या ढगांतून, संथ आणि लांबलचक. तिथे दृश्यमानता आणि ओली धावपट्टी सतावते, विजा त्या मानाने कमी असतात. मार्च ते मे या काळात मात्र विदर्भ-मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंत दुपारी दोन-तीनला जो वळीव उभा राहतो, तो उंच, विजांनी भरलेला आणि गारा बाळगणारा असतो. मृगाच्या सुरुवातीला तो पुन्हा भेटतो. पाऊस परतायला लागला की हस्ताच्या दिवसांतही भेटतो. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण जमिनीवरच ठेवून निघा.

यावरून पहिली पायरी आपोआप ठरते: वेळ निवडता येत असेल तर सकाळची निवडा. चार्टरमध्ये वेळ आपल्या हातात क्वचितच असते हे मला माहीत आहे. पण 'संध्याकाळी पाचऐवजी सकाळी नऊ चालेल का' हे आदल्या दिवशी फोनवर विचारायला पैसे पडत नाहीत.

निघण्याआधी

मेटार (विमानतळावरचं आत्ताचं हवामान) आणि टॅफ (पुढच्या काही तासांचा अंदाज) वाचताना टीएस (विजांचं वादळ), सीबी, टीसीयू (सीबी होऊ घातलेला उंच ढग) ही अक्षरं शोधा. टॅफमध्ये आपल्या पोहोचण्याच्या वेळेला 'टेम्पो टीएसआरए' (टीएसआरए म्हणजे विजांसह पाऊस) असेल तर ते होणारच असं धरून इंधन भरा. टेम्पो म्हणजे अधूनमधून, हे खरं. पण ते अधूनमधून नेमकं आपण फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोर उतरत असतानाच येतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

मग हवामान खात्याची डॉप्लर रडारची चित्रं बघा: मुंबई, नागपूर, गोवा, हैदराबाद, जी वाटेत येतील ती. एकच चित्र बघून उपयोग नाही. तीन-चार ओळीने बघा, म्हणजे ढग कुठल्या दिशेला सरकतायत आणि वाढतायत की विरतायत ते कळतं. आयपॅडवर दिसणारं चित्र आपल्या हाती येईपर्यंत दहा-वीस मिनिटं शिळं झालेलं असतं. कुठल्या बाजूने जायचं हे त्यावरून ठरवा, कुठल्या फटीतून जायचं ते ठरवू नका. रॅम्पवर उभे असताना पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप बघायची मला सवय आहे. ते मुळात शेतात काम करणाऱ्यांसाठी आहे. आपल्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरांत वीज पडतेय का ते दाखवतं, आणि इंधन भरताना तेवढीच माहिती हवी असते.

इंधनाचा हिशेब जरा किचकट आहे. मुंबई बंद झाली की सगळे एकदम अहमदाबाद, हैदराबाद, गोवा, नागपूरकडे पळतात. तिथली पार्किंग भरते आणि छोट्या विमानाला पहिला नकार मिळतो. म्हणून एक लांबचा पर्याय आणि वर किमान अर्ध्या तासाचं जास्तीचं इंधन घ्या. पण जड विमान उंच चढत नाही, आणि वर जागा नसली की ढगांमधून पर्याय शोधताना हात बांधलेले राहतात. टाकी काठोकाठ भरणं हे काही या प्रश्नाचं उत्तर नाही.

मागे बसलेल्या साहेबांशी बोलणं

हे प्रकरण मॅन्युअलमध्ये नसतं. एअरलाइनच्या प्रवाशाला पायलटचं तोंड दिसत नाही. आपला प्रवासी शिडीपाशी येऊन घड्याळ दाखवतो. 'कॅप्टनसाहेब, सहाच्या आत टेकायला पाहिजे हं.' कधी तो विमानाचा मालकच असतो.

'जमणार नाही' म्हटलं की वाद सुरू होतो. त्यापेक्षा वेळा सांगा: "साहेब, आत्ता निघालो तर वाटेत वीस मिनिटं चांगलंच हलेल, आणि नागपूर बंद असलं तर हैदराबादला जावं लागेल. पाऊण तासाने निघालो तर सरळ नागपूर." धंदा करणाऱ्या माणसाला असा सौदा पटकन समजतो. हे विमानात बसण्याआधी, लाउंजमध्ये आणि कॅप्टननेच बोलायचं. फर्स्ट ऑफिसर म्हणून तुमचं काम कॅप्टनच्या हातात ताजं चित्र देण्याचं. 'बघू या, जमेल बहुतेक' असं परस्पर बोलून त्यांचा पाय मागे ओढू नका.

रडार: इथे वेळ घालवा

रडार ढग दाखवत नाही, पाऊस दाखवतं. पाण्याचे थेंब झोत चांगला परतवतात, ओल्या गारा फारच छान परतवतात, कोरड्या गारा आणि बर्फाचे कण मात्र अगदी फिके दिसतात. सीबीचा वरचा निम्मा भाग बर्फाचा असतो. म्हणजे ४१,००० फुटांवरून समोर सरळ बघितलं तर सगळ्यात वाईट ढगही फिक्या हिरव्या डागासारखा दिसू शकतो.

म्हणून टिल्ट, म्हणजे झोत वर-खाली झुकवणं. एक अंश म्हणजे दर मैलाला १०० फूट, एवढं एक सूत्र पाठ करा. ४० मैलांवर एक अंश म्हणजे ४,००० फूट. आता हिशेब करू. आपण ४१,००० फुटांवर आहोत, ढग ४० मैलांवर आहे आणि टिल्ट शून्यावर. १२ इंची थाळीचा झोत साधारण ८ अंश जाड, म्हणजे वर-खाली चार-चार अंश. तो झोत तिथे २५,००० पासून ५७,००० फुटांपर्यंत पसरलाय. महाराष्ट्रावर मेमध्ये शून्य अंश तापमानाची पातळी साधारण १६,००० फुटांवर असते, आणि पाण्याचा दाट भाग तिच्या आसपास व खाली. आपला झोत त्याच्या कितीतरी वरून चाललाय. टिल्ट ५ अंश खाली केला की झोताचा मध्य २१,००० फुटांवर येतो आणि ढगाचं पोट दिसायला लागतं.

प्रत्येक वेळी आकडेमोड करायची नसेल तर सोपी रीत ही: पडद्याच्या बाहेरच्या कडेला जमिनीचे ठिपके येऊ लागेपर्यंत टिल्ट खाली आणा. मग ढग जवळ येईल तसा आणखी खाली. 'टिल्ट लावला आणि विसरला' असं होत नाही. नव्या रडारांत हे आपोआप होतं. तरीही अधूनमधून हाताने फिरवून बघा, म्हणजे यंत्र काय लपवतंय ते कळेल.

आता सावलीविषयी. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मुंबई-नागपूर, संभाजीनगर मागे टाकलेलं, समोर ढगांची आडवी ओळ. पडद्यावर डावीकडे लाल, त्याच्या मागे काळी, स्वच्छ पोकळी. मला ती मोकळी जागा वाटली. मी बोट ठेवलं, "सर, या लाल डागाला वळसा घातला की मागे सगळं क्लिअर आहे." कॅप्टन काही बोलले नाहीत. त्यांनी टिल्ट दोन अंश खाली केला. दोन्ही बाजूंना जमीन हिरवी-पिवळी उमटली. त्या लाल डागाच्या मागे मात्र काळं ते काळंच. "जमीन कुठे गेली तिथली?" त्यांनी विचारलं. मुसळधार पावसाने रडारचा सगळा झोत पिऊन टाकला होता, पलीकडे काहीच पोहोचत नव्हतं. आम्ही उजवीकडून ६० मैलांचा वळसा घेतला. तिकडे गेल्यावर बाजूने पाहिलं, तर त्या 'मोकळ्या' जागेत आधीच्यापेक्षा मोठा ढग बसलेला.

या सावलीने घेतलेले बळी इतिहासात आहेत. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्जियामध्ये सदर्न एअरवेजचं फ्लाइट २४२ हे डीसी-९ विमान असंच रडार बघत जोरदार वादळात शिरलं. पाऊस आणि गारा गिळून दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान न्यू होप गावातल्या रस्त्यावर उतरवण्याच्या प्रयत्नात ७२ माणसं गेली. लाल डागामागे काळं दिसलं आणि जमीन उमटत नसेल, तर तो भाग लालच समजा.

आकारही वाचायला शिका. हिरव्यातून लाल रंग अगदी पातळ कडेत येत असेल, डागाला आकडा, बोटं किंवा दात्यासारखी कड असेल, तर तिथे गारा आणि जोरदार उलथापालथ धरा. मजेंटा दिसला तर चर्चाच नको. आणि दोघांनी एकाच रेंजवर बसू नका. एकाने ४० वर, दुसऱ्याने ८० किंवा १६० वर. फक्त जवळचं बघणारा हमखास बंद गल्लीत शिरतो: पुढे वाट दिसते, आत गेल्यावर शेवटी भिंत.

वळसा लांबूनच

अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा जुना सल्ला आहे की तीव्र वादळी ढगापासून किमान २० मैल लांब राहा. भूमिती अशी: ८० मैलांवर असताना १५ अंश वळलात तर ढगापाशी पोहोचेपर्यंत २० मैल बाजूला असता. तोच निर्णय ४० मैलांवर घेतला तर ३० अंश वळावं लागतं, २० मैलांवर घेतला तर तो वळसा राहत नाही, पळापळ होते. मिनिटाला साडेसात मैलांनी आपण ८० मैल दहा-अकरा मिनिटांत खातो, आणि त्यातली तीन-चार मिनिटं फ्रिक्वेन्सीवर बोलायला जागा मिळण्यातच जातात.

म्हणून लवकर मागा, आणि नेमकं मागा: "मुंबई, रिक्वेस्ट टू झीरो माइल्स लेफ्ट ऑफ ट्रॅक, ड्यू वेदर." पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, आणखीही राखीव आकाश वाटेत येतं. डावीकडे नाही मिळालं तर उजवीकडचा आकडा तयार ठेवा. नकार मिळाला आणि समोर लाल असेल तर 'अनेबल', म्हणजे 'शक्य नाही' म्हणा. हा शब्द उद्धट नाही. ढग संपल्यावर 'क्लिअर ऑफ वेदर' सांगायला विसरू नका, कंट्रोलर त्याचीच वाट बघत असतो.

अरबी समुद्रावर, जिथे कंट्रोलरच्या रडारची नजर नाही, तिथे 'वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड' म्हटलं की तातडीने उत्तर मिळतं. परवानगी मिळतच नसेल आणि जावंच लागत असेल, तर ट्रॅकपासून ५ मैल बाहेर गेल्यावर ३०० फुटांचा बदल करायचा असतो: पूर्वेकडे जाताना डावीकडे वळलात तर खाली, उजवीकडे वळलात तर वर, पश्चिमेकडे जाताना नेमकं उलट. सोबत दिवे सगळे चालू आणि १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर घोषणा.

कुठल्या बाजूने जायचं? वारा जिकडून येतो त्या बाजूने. ढगाचा माथा वाऱ्याने पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा होतो आणि त्या ऐरणीखाली गारा फेकल्या जातात. मेमध्ये आपल्याकडे वरचे वारे बहुधा पश्चिमेचे, म्हणून ऐरण पूर्वेला लांबते आणि ढगाची पश्चिम बाजू बरी. मॉन्सून स्थिरावला की त्याच उंचीवर पूर्वेचे वारे वाहू लागतात आणि हिशेब उलटतो. एफएमएसवर, म्हणजे विमानाच्या मार्ग-संगणकावर वारा बघा आणि मगच बाजू सांगा.

'वरून काढू या' म्हणणारे

बिझनेस जेटच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की हे विमान हवामानाच्या वरून उडतं. फोकनाड आहे. मेमधल्या आपल्या सीबीचा माथा ५०,००० फुटांच्याही वर जातो. फेनॉम ३०० ची मर्यादा ४५,०००, हॉकर ८५०ची ४१,०००, गल्फस्ट्रीम जी६५० आणि ग्लोबल ६००० सारख्या दांडग्यांची ५१,०००. माथ्यावरच्या वाऱ्याच्या दर १० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक मैल) ढगाच्या वर १,००० फूट अंतर ठेवावं असा नियम आहे. ५० नॉट वारा असेल तर ५,००० फूट. कुठून आणणार?

शिवाय वाढता ढग मिनिटाला दोन-तीन हजार फुटांनी वर येऊ शकतो. आपण चाळीस हजार फुटांवर जड विमानाने मिनिटाला पाचशेने चढत असतो. ही शर्यत हरण्याचीच. तिथे स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत) आणि वेगाची वरची मर्यादा एकमेकांच्या इतक्या जवळ येतात की एक जोरदार हेलकावा दोन्हीपैकी एक ओलांडायला पुरतो.

आणि ऐरणीतून 'हिरवंच तर आहे' म्हणत जाणं? २००४ आणि २००५ मध्ये फ्लोरिडाजवळ बीचजेट ४००ए या बिझनेस जेटची दोन्ही इंजिनं हवेत बंद पडल्याचे दोन प्रसंग घडले. वादळी ढगांजवळच्या उंच बर्फकणांनी ते घडवलं होतं. दोन्ही वेळा विमानं सुखरूप उतरली. रडारवर तिथे विशेष काही दिसत नाही. त्यामुळे अशा भागात इंजिन अँटी-आइस (बर्फ धरू न देणारी गरम हवा) आणि इग्निशनबाबत (इंजिन पेटतं ठेवणाऱ्या ठिणगीबाबत) मॅन्युअल काय म्हणतं ते पाठ हवं, विशेषतः खाली उतरायला पॉवर कमी करण्याआधी.

सापडलातच तर

थोडक्यात सांगतो, कारण तेव्हा वाचायला वेळ नसतो. टर्ब्युलन्सचा वेग धरा. नाकाची आणि पंखांची स्थिती सांभाळा. उंची शंभर-दोनशे फूट इकडेतिकडे झाली तर होऊ द्या, तिच्यामागे धावू नका. ऑल्टिट्यूड होल्डबाबत (ऑटोपायलटने उंची धरून ठेवण्याबाबत) मॅन्युअल सांगेल ते करा. इग्निशन, अँटी-आइस चालू. रात्र असेल तर कॉकपिटचे दिवे पूर्ण प्रखर करा, नाहीतर विजेने डोळे दिपतात. आणि मागे वळू नका. सरळ गेल्यास बहुधा लवकर बाहेर पडता, वळताना तोच ढग दुसऱ्यांदा भेटतो आणि विमानावर ताणही वाढतो.

हे सगळं होण्याआधी मागच्यांचे पट्टे घट्ट झालेले असावेत. गरम कॉफीचा थर्मास बंद कपाटात गेलाय का, हे मी स्वतः विचारतो.

उतरताना

एअरपोर्टच्या ५-१० मैलांत सीबी असेल तर उतरायची घाई करू नका. ढगातून कोसळणारी हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, तिला मायक्रोबर्स्ट म्हणतात. आत शिरताना समोरून वारा येतो, वेग वाढतो, बरं वाटतं. काही सेकंदांत वारा पाठीमागून येतो आणि वेग कोसळतो. तिचा पसारा ४ किलोमीटरपेक्षा कमी, जोर दोन-पाच मिनिटांचा. नागपूरकडे तर पावसाआधी धुळीची भिंत चालत येताना दिसते. ती दिसली की वारा आपल्यापर्यंत पोहोचलाच समजा.

२ ऑगस्ट १९८५ ला डॅलसमध्ये डेल्टाचं फ्लाइट १९१ असंच कोसळलं. त्याच्या थोडंच आधी त्याच धावपट्टीवर एक लिअरजेट त्याच पावसातून उतरलं होतं. म्हणून 'पुढचा उतरला की' हे वाक्य कॉकपिटमध्ये चालवू नका. पुढचा उतरला तेव्हाची हवा पुढच्याबरोबर गेली.

आपल्याकडच्या लहान धावपट्ट्यांवर विंडशिअरचा, म्हणजे वारा असा अचानक बदलण्याचा इशारा देणारी यंत्रणा नसते, बऱ्याच लहान जेटमध्येही नसते. तुमच्याकडे वाऱ्याचा मोजा (विंडसॉक), डोळे आणि वेगाचा काटा. वेग अचानक १५ नॉटने वर-खाली झाला की गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. पूर्ण पॉवर, नाक वर, आणि धोक्यातून बाहेर पडेपर्यंत गिअर-फ्लॅपला (चाकं आणि पंखांच्या झडपांना) हात नाही. धावपट्टी ओली असेल तर अंतराचा हिशेब निघण्याआधीच केलेला हवा: फॅक्टर लावून कोरड्याला १.६७ पट आणि ओल्याला त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे जवळपास १.९२ पट. अनेकदा याच आकड्यामुळे जवळचा पर्याय रद्द होतो.

होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेतच घिरट्या घालत, वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की वळीव बहुधा सरकतो. त्यासाठीच ते जास्तीचं इंधन.

खाली उतरल्यावर

वीज लागल्याची शंका असेल, म्हणजे पांढरा झोत आणि 'ठप्प' असा आवाज आला असेल, तर टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या देखभाल-नोंदवहीत लिहा: वेळ, उंची, जागा. लागल्याचं दिसत नसलं तरी लिहा. मग टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरा. पंखांची टोकं, शेपटी, अँटेना यांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे डाग शोधा. स्टॅटिक विक, म्हणजे पंख-शेपटीवरच्या स्थिर वीज सोडणाऱ्या काड्या, मोजा. निघताना किती होत्या ते माहीत असायला हवं. रेडोमवर गारांचे खळगे आणि निघालेला रंग बघा. एखादी भेग असली की आत पाणी शिरतं, आणि पुढच्या फ्लाइटला तुमचं १२ इंची ताट त्या ओल्या पडद्याआडून बघायला लागतं. वर ठिगळासारखा जाड रंग मारलेला रेडोमही तेवढाच वाईट, तो इंजिनिअरना दाखवा.